तिसऱ्या वाढदिवसाचे पुस्तक

वाढदिवसाची भेट घरी केलेली असली की तिचे कारण आपण बहुधा खिशात शोधतो. पैसे नव्हते म्हणून हाताने केली, असे म्हणून तिच्याकडे थोड्या करुणेनेच पाहतो. परंतु इतिहासात अशाही काही भेटी आहेत की ज्यांच्या बाबतीत पैसा असता तरी विकत घ्यायला दुकानच नव्हते. आपल्याकडचे सर्वपरिचित उदाहरण नेहरूंचे. इंदिरेचा तेरावा वाढदिवस तिथीने २६ ऑक्टोबर १९३० रोजी आला, तेव्हा ते नैनीच्या तुरुंगात होते. वस्तू पाठवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी पत्र लिहिले. ती पत्रमाला ऑगस्ट १९३३पर्यंत चालली आणि १९३४ साली जगाच्या इतिहासाचे पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाली. कैदेतल्या बापाने मुलीला भूतकाळ भेट दिला, असे तिचे वर्णन करता येईल.

याहून कमी परिचित, पण आमच्या मते अधिक अवघड प्रश्न उभा करणारी भेट आहे ती टेरेझीनमधली. प्रागच्या उत्तरेला असलेल्या या जुन्या तटबंदीच्या गावात नाझींनी १९४१च्या अखेरीस ज्यूंसाठी घेट्टो उभारला. तेथे सुमारे १,४०,००० माणसे आणली गेली. त्यांपैकी सुमारे ३३,००० तेथेच मेली आणि कितीतरी अधिक पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत पाठवली गेली. प्रागमधील व्यंगचित्रकार बेडरिख फ्रिटा (मूळ नाव फ्रिट्झ टाउसिग, जन्म १९०६) डिसेंबर १९४१मध्ये येथे आला. पुढे पत्नी आणि तान्हा मुलगा टॉमी यांनाही आणण्यात आले. फ्रिटा घेट्टोच्या चित्रशाळेचा प्रमुख होता. नकाशे, तक्ते, अधिकाऱ्यांना दाखवायचे सचित्र अहवाल हे तिथले काम. त्या निमित्ताने मिळणारा कागद आणि शाई वापरून तो आणि त्याचे सहकारी चोरून दुसरी चित्रे काढत: कोंबलेले माळे, आंधळे म्हातारे, शवपेट्या, रवाना होणारे जथे.

२२ जानेवारी १९४४ रोजी टॉमी तीन वर्षांचा झाला. त्या दिवसासाठी फ्रिटाने सुमारे ५० पानांचे एक रंगीत पुस्तक तयार केले. त्यात मेणबत्त्या लावलेला केक आहे, फुले आणि फळे आहेत, मोठेपणी टॉमी कोण होईल याची गमतीदार चित्रे आहेत. टॉमीला यातले पुष्कळसे पाहायलाही मिळालेले नव्हते. शेवटी बापाने लिहून ठेवले आहे की, हे पुस्तक एका लांबलचक मालेतले पहिलेच आहे.

येथे समीक्षकाला एक प्रश्न टाळता येत नाही. त्याच महिन्यांत नाझीही टेरेझीन रंगवत होते. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी यायचे होते. त्यासाठी घरांना रंग दिला गेला, बागा फुलवल्या गेल्या, मुलांसाठी क्रीडांगण उभे राहिले आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात सुमारे ७,५०० जणांना आउश्वित्सला पाठवले गेले. मग बापाने काढलेला केक आणि नाझींनी लावलेली गुलाबाची झाडे यांत फरक तो कोणता? दोन्ही ठिकाणी नसलेलेच दाखवले आहे.

आमच्या मते उत्तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या चित्रात आहे. टॉमी पाठमोरा, एका सूटकेसवर उभा राहून तटाच्या खिडकीतून बाहेर पाहतो आहे, आणि त्या सूटकेसवर घेट्टोत येतानाचा क्रमांक आहे. नाझींच्या रंगाला भिंतीमागचे लपवायचे होते. फ्रिटा मात्र भिंत दाखवूनच सुरुवात करतो, आणि मग खिडकीपलीकडचे जग ‘तुझे’ म्हणून मुलापुढे मांडतो. शिवाय नाझींची सजावट परक्या पाहुण्यांसाठी होती, तर हे पुस्तक एकाच वाचकासाठी होते, आणि तो वाचक अजून वाचायलाही शिकलेला नव्हता. दिवसा अहवालांची चित्रे, चोरून साक्षीची चित्रे आणि मुलासाठी ही चित्रे, तिन्ही एकाच हातची. त्यामुळे या रंगांना भाबडेपणा म्हणता येत नाही. काळ्या शाईतले सत्य ज्याने पुरेपूर पाहिले होते, त्यानेच ते निवडले होते.

१७ जुलै १९४४ रोजी फ्रिटा, लिओ हास आणि अन्य चित्रकारांना ‘खोटा प्रचार’ केल्याच्या आरोपावरून कुटुंबांसह पकडण्यात आले. पत्नी टेरेझीनच्या किल्ल्यातच मरण पावली. फ्रिटा नोव्हेंबर १९४४मध्ये आउश्वित्समध्ये मरण पावला. मालेतले दुसरे पुस्तक निघाले नाही. मात्र लपवून ठेवलेली चित्रे आणि ते पुस्तक वाचले. हासही वाचला, आणि त्याने व त्याच्या पत्नीने टॉमीला दत्तक घेतले. १९८५ साली हे पुस्तक छापील स्वरूपात लोकांसमोर आले.

बालसाहित्य शिकवताना आपण ‘रंजन’ आणि ‘बोध’ या दोन कप्प्यांवर भागवतो. हे पुस्तक दोहोंतही नीट बसत नाही. नेहरूंनी मुलीला भूतकाळ दिला, फ्रिटाने मुलाला भविष्य दिले, आणि तेही स्वतःपाशी ते आहे की नाही याची खात्री नसताना. अशा भेटीच्या किमतीचा विचार करताना कागद-शाईचा हिशेब अपुरा पडतो. ती लपवून ठेवताना कोणी काय पणाला लावले, तेही त्या हिशेबात धरावे लागते.