माझगावच्या आवारातील बाष्पयंत्र

मोरा बंदरातून लाँचेत बसावे, द्रोणागिरीचा डोंगर हळूहळू मागे पडावा आणि पुढे माझगावचा भाऊचा धक्का दिसावा, हा प्रवास आपल्या ज्ञातिबांधवांस सुपरिचित आहे. त्याच माझगावात एका गृहस्थाच्या आवारात बाष्पयंत्रे घडत असत, हे मात्र मुलांस आयुष्यभर जेम्स वॅट शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकास निवृत्तीनंतर कळले. ती उणीव भरून काढावी, म्हणून हा अल्प लेखनप्रपंच.

ते घराणे वाडियांचे. लवजी नसरवानजी हे पारशी सुतार 1736 साली सुरतेहून मुंबईस आले व गोदीत जहाजे बांधू लागले. त्यांच्या वंशजांनी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे 1817 सालचे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अद्याप जतन करून ठेविले आहे. याच कुळात 1808 साली अर्देसर कर्सेटजी यांचा जन्म झाला.

लाकडाच्या विद्येत घराणे निष्णात. परंतु पुढील काळ वाफेचा व लोखंडाचा आहे, हे या तरुणाने ओळखले. वाफेने दट्ट्या ढकलावयाचा, ही कल्पना ऐकावयास सोपी आहे. तथापि नळकांडे आतून तंतोतंत गोल नसेल, तर वाफ फटीतून निसटते आणि सारे श्रम वाया जातात. अशा कामात त्यांनी स्वहस्ते एक अश्वशक्तीचे बाष्पयंत्र सिद्ध केले व त्याच्या योगे आपल्या विहिरीचे पाणी कारंज्यास चढविले. ‘इंडस’ नामक लहान जहाजात त्यांनी इंग्लंडहून आणविलेले दहा अश्वशक्तीचे यंत्र बसविले. 1834 साली त्यांचा बंगला व बाग वायुदीपांनी उजळली.

1841 साली कंपनी सरकारने त्यांस मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंते नेमिले. युरोपियन कारागीर एका हिंदी माणसाच्या हाताखाली आले! त्याच वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. 1851 साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे सर्व भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. बोटीस त्यांनी स्वतःचे नव्हे, कुळाचे नाव दिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 1877 साली इंग्लंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

हे घराणे आपल्या ज्ञातीचे नव्हे. परंतु गुण दिसेल तेथून तो घ्यावा. आपल्या भागातील शेते व मिठागरे गेली, 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मोबदल्याच्या पैशातून घरे झाली, वाहने आली. मात्र ज्या यंत्रांनी आपल्या भूमीचे रूप पालटले, ती उघडून पाहणारे हात आपल्या घरांत किती? आमची मुले त्या यंत्रांच्या दारावर पहारा करतात, ही खंत मनास बोचते. वडिलार्जित धंदा सुटला म्हणून वाडियांचा वंशज रडत बसला नाही. त्याच घरात त्याने नव्या धंद्याची भट्टी पेटविली.

मोबदल्याच्या रकमेतून एखाद्या घरात एक कातयंत्र जरी आले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी मानीन. जे वर्गात सांगावयाचे राहिले, ते येथे सांगितले.