जागचे न हलता स्थानबदल : स्थानाधारित मोबाईल ॲपची चाचणी कशी होते?

वीज कोसळण्याचा इशारा देणारे पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप असो, टॅक्सी बोलावण्याचे असो वा घरपोच जेवण मागवण्याचे. या साऱ्यांचे काम एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. वापरकर्ता या क्षणी कोठे आहे? उत्तर चुकले तर टॅक्सी भलत्याच दारी उभी राहते आणि धोक्याचा इशारा ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून असे ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी ते निरनिराळ्या ठिकाणी तपासावे लागते. प्रत्येक गावी जाऊन ही तपासणी करणे विकसकांना परवडणारे नसते. त्यावरचा उपाय म्हणजे, फोन जागच्या जागी ठेवून तो दुसरीकडे असल्याचे त्याला भासवणे.

स्थान एक, साक्षी अनेक

फोन आपले स्थान केवळ उपग्रहांवरून ओळखतो, हा समज अपुरा आहे. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसचे उत्तर साधारणपणे ५ मीटरच्या आसपास अचूक असते. पण घरात किंवा दाट वस्तीत फोन आजूबाजूच्या वाय-फायचा आणि मोबाईल टॉवरचा आधार घेतो. याशिवाय सर्व्हरला इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता दिसतो. सिमकार्डावरून देश कळतो. फोनची प्रमाणवेळ, भाषा आणि ॲप स्टोअरमधील नोंदणीचा देश हेही आपापली साक्ष देत असतात. कोणते ॲप यांपैकी कोणाचे ऐकते, हे ते लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. त्यामुळे चाचणीची पहिली पायरी म्हणजे आपले ॲप नेमक्या कोणत्या साक्षींवर विसंबून आहे, याची यादी करणे.

गोव्याच्या बाबतीत या यादीला विशेष महत्त्व आहे. दूरसंचार व्यवस्थेत गोवा हा महाराष्ट्र परिमंडळाचाच भाग असल्याने मोबाईल क्रमांकावरून ग्राहक गोव्याचा की महाराष्ट्राचा, हे ठरवता येत नाही. मोबाईल इंटरनेटची वाहतूक पुष्कळदा मोठ्या शहरांतील केंद्रांतून बाहेर पडत असल्याने आयपी पत्त्यावरून पणजीतला ग्राहक मुंबईत किंवा पुण्यात असल्याचे दिसू शकते. जे ॲप केवळ आयपी पत्त्यावर भिस्त ठेवते, ते म्हापशातल्या ग्राहकाला मुंबईतील दुकाने दाखवते, त्याचे कारण हेच.

उपलब्ध साधने

अँड्रॉइड स्टुडिओसोबत मिळणाऱ्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या आभासी फोनमध्ये, अक्षांश-रेखांश देऊन स्थान बदलता येते. जीपीएक्स किंवा केएमएल प्रकारची फाईल दिली, तर त्या मार्गावरून प्रवासही घडवता येतो. हेच काम आज्ञेद्वारे करताना एक पथ्य पाळावे लागते. ‘जिओ फिक्स’ या आज्ञेत रेखांश आधी व अक्षांश नंतर लिहायचा असतो. पणजीचे स्थान सुमारे १५.४९ उत्तर अक्षांश आणि ७३.८३ पूर्व रेखांश असे आहे. यांची अदलाबदल झाली, तर फोन नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पोहोचतो.

प्रत्यक्ष अँड्रॉइड फोनवर चाचणी घ्यायची असल्यास सेटिंगमधील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून विकसकांचे पर्याय खुले करावे लागतात. तेथे ‘मॉक लोकेशन’साठी एखादे ॲप निवडले की ते देईल ते स्थान फोन खरे मानतो. मात्र अशा कृत्रिम स्थानावर अँड्रॉइड तशी खूण ठेवते आणि ती खूण ॲपला वाचता येते. फसवणूक टाळण्यासाठी काही ॲप असे स्थान नाकारतात. तेव्हा हा नकारही चाचणीचाच एक भाग ठरतो.

आयफोनसाठी ॲपलच्या एक्सकोडमध्ये अशीच सोय आहे. त्याच्या सिम्युलेटरमध्ये शहरातून धावणे, सायकल चालवणे आणि महामार्गावरून मोटार हाकणे असे तयार प्रवास मिळतात. जोडलेल्या खऱ्या आयफोनलाही जीपीएक्स फाईलद्वारे मार्ग देता येतो. संकेतस्थळांसाठी क्रोम ब्राउझरच्या विकसक साधनांत ‘सेन्सर्स’ नावाचा विभाग आहे. तेथील तयार यादीत मुंबई आहे, पणजी नाही. ती अक्षांश-रेखांश भरून जोडून घ्यावी लागते.

आयपी पत्ता बदलण्यासाठी व्हीपीएन वापरले जाते. त्याने उपग्रहाकडून आलेले स्थान बदलत नाही. परदेशातील गोमंतकीयांना ॲप कसे दिसेल, हे पाहण्यास व्हीपीएनची मदत होते. मात्र त्यासोबत फोनची प्रमाणवेळ आणि भाषाही बदलावी लागते. एक साक्ष दुबईची आणि दुसरी मडगावची, अशा अवस्थेत घेतलेली चाचणी भलतेच निष्कर्ष देते. अशी विसंगती उद्भवल्यास ॲप काय करते, हे मात्र वेगळे तपासावे.

सीमेवरची कसोटी

ॲप शहराच्या मध्यभागी सहसा चुकत नाही; ते चुकते सीमेवर. राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यात उत्तरेकडून पत्रादेवीला प्रवेश करतो आणि दक्षिणेला पोळे येथून कर्नाटकात जातो. या दोन्ही नाक्यांच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकेक बिंदू घेऊन, शिवाय सीमा ओलांडणारा सलग प्रवास देऊन ॲप तपासणे श्रेयस्कर.

ठरावीक परिसरात शिरताच सूचना देण्याच्या तंत्राला जिओफेन्सिंग म्हणतात. या कुंपणाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवावी, अशी अँड्रॉइडची शिफारस आहे. एका ॲपला अँड्रॉइडवर अशी १०० कुंपणे घालता येतात, तर आयफोनवर केवळ २०. गोव्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी वेगळे कुंपण घालू पाहणारे ॲप या मर्यादेत बसणार नाही, हे टेबलाशी बसूनच कळू शकते.

वापरकर्त्याची संमती हाही कसोटीचा विषय आहे. आयफोनवर २०२० मधील आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ मधील अँड्रॉइड १२ पासून केवळ अंदाजे स्थान देण्याची मुभा आहे. अँड्रॉइडवर हा अंदाज सुमारे ३ चौरस किलोमीटरचा असतो. दोडामार्गसारख्या सीमेलगतच्या भागात एवढ्या अंदाजाने राज्यच बदलू शकते. म्हणून अचूक स्थान, अंदाजे स्थान आणि पूर्ण नकार या तिन्ही परिस्थितींत ॲप तपासावे. नकार मिळाल्यास गाव हाताने निवडण्याची सोय ठेवणे उत्तम.

भासाची मर्यादा

दिलेले स्थान नेहमी स्वच्छ आणि स्थिर असते. खरे स्थान तसे नसते. पश्चिम घाटातील झाडीत उपग्रहांचा संदेश क्षीण होतो, सीमेवर फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो, खिशातील फोन बॅटरी वाचवण्यासाठी स्थानाची विचारणा लांबवतो. यातले फारच थोडे टेबलावरच्या चाचणीत उमटते. शंभर बिंदूंची तपासणी घरबसल्या उरकावी आणि त्यांत ज्या दोन-तीन जागा संशयास्पद वाटतील, तेथे मात्र फोन घेऊन प्रत्यक्ष जावे, हीच व्यवहार्य वाटणी ठरते. कृत्रिम स्थानाचा वापरही आपल्याच ॲपपुरता मर्यादित असावा. हजेरी, भाडे किंवा सवलत मिळवण्यासाठी दुसऱ्यांच्या ॲपला खोटे स्थान देणे ही चाचणी नसून फसवणूक होय.