बुंद, चेरी आणि जांभूळ

कॉफीच्या दाण्याला जुन्या मराठीत एक शब्द होता : बुंद. अरबीत दाण्याला ‘बुन्न’ म्हणतात आणि पेयाला ‘कहवा’. कहवा तुर्की आणि डच भाषांतून फिरत इंग्रजीत ‘कॉफी’ झाला, इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि बुंद शब्दकोशात पडून राहिला. मी मेडशीचा, म्हणजे चहाच्या मुलखातला. नोकरी लागल्यावर कॉफीचा नाद लागला आणि लक्षात आलं, की इथे जीभ तयार होण्याआधी शब्द शिकावे लागतात. त्या प्रत्येक शब्दाला इतिहास आहे.

भारतीय बाजारातले शब्द कामावरून पडलेले आहेत. पिकलेल्या फळाचा गर काढून, बी धुऊन वाळवली की अरेबिकाला ‘प्लांटेशन’ म्हणतात, रोबस्टाला ‘पार्चमेंट’. अख्खं फळ तसंच उन्हात वाळवलं तर ती ‘चेरी’. नवख्याला ‘चेरी’ ही चव वाटते. प्रत्यक्षात ती वाळवण्याची पद्धत आहे. एका फळात सहसा दोन चपट्या बिया असतात. एकच गोल बी भरली तर ती ‘पीबेरी’.

काही शब्द प्रवासातून आले. आज कॉफीत चॉकलेट घातलं की ‘मोका’ होतो, पण मोखा हे येमेनचं बंदर. तिथून जगभर कॉफी जायची. ‘मान्सून्ड मलबार’ची गोष्ट व्यापारात अशी सांगतात : शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचायला कित्येक महिने लागत, दमट हवेत दाणा फुगे, पिवळट होई आणि त्याचा आंबटपणा जाई. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपता झाला. पण गिऱ्हाइकांना ती जुनीच चव हवी होती. म्हणून आजही पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत दाणे पसरून त्यांना पावसाळी वारा देतात.

चवीचे शब्द मात्र फार अलीकडचे आहेत. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी संघटनेचं रंगीत ‘फ्लेवर व्हील’ १९९५चं. २०१६मध्ये ते बदललं, तेव्हा पाया होता वर्ल्ड कॉफी रिसर्चचा चवींचा कोश. त्यात ११० गुणधर्म आहेत. प्रत्येकाची व्याख्या आहे, तुलनेसाठी नमुना आहे आणि तीव्रता मोजायला ० ते १५ची पट्टी आहे. हे नमुने बहुतांशी अमेरिकी दुकानांत मिळणारे पदार्थ. सॉफ्टवेअरवाल्याला ही शिस्त आवडते : दोन माणसं एकाच शब्दाने एकच गोष्ट म्हणतील, तरच मोजमाप शक्य.

पण त्या मोजमापावर पैसे ठरतात. १००पैकी ८० गुण मिळाले की कॉफी ‘स्पेशालिटी’ होते आणि भाव बदलतो. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आमच्या विदर्भात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. तिथल्या माणसाने ब्लूबेरी कधी खाल्ली नसेल, तर स्वतःच्याच मालाचं वर्णन तो कसा करणार? खरेदीदार सांगेल ते ऐकायचं, एवढंच त्याच्या हाती उरतं. ‘ॲसिडिटी’ ही कॉफीतली मोठी शाबासकी. आमच्याकडे ॲसिडिटी झाली की माणूस गोळी मागतो.

याचा अर्थ आपल्याकडे शब्द नाहीत असा नाही. तुरट, आंबूस, खमंग, करपट, धुरकट, मातकट, खवट, ओशट – एवढ्या बारीक छटा रोजच्या स्वयंपाकात आपण वेगळ्या काढतो. जांभळाने जीभ जड होते ती वेगळी आणि कच्च्या केळ्याने होते ती वेगळी, हे वऱ्हाडातल्या पोराला शिकवावं लागत नाही. कमी आहे ती कोणीतरी बसून हे शब्द पक्के करण्याची : जांभूळ म्हणजे किती पिकलेलं, खमंग म्हणजे दाण्याचा की डाळीचा. तो कोश अमेरिकेतही आभाळातून पडला नाही. माणसांनी एका टेबलाभोवती बसून, चाखून, भांडून तो केला. सध्या माझ्या वहीत इंग्रजी शब्दांशेजारी मराठीचा एक रकाना आहे. ‘ब्लूबेरी’समोर मी ‘जांभूळ’ लिहिलेलं नाही, कारण ती चव तीच नाही. जांभळाची ओळ मी वेगळी आखली आहे.