हजेरी : चौकीवरची आणि कामावरची

अवर्षणप्रवण श्रीगोंदे तालुक्यात पारध्यांची वस्ती आहे. अशा प्रदेशात ‘हजेरी’ या शब्दाला दोन इतिहास आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच संशयास्पद ठरविला. १९२४ च्या कायद्यान्वये नोंद झालेल्या व्यक्तीच्या बोटांचे ठसे घेता येत व तिला ठराविक वेळी हजेरी देण्यास भाग पाडता येई. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे कुंपणाआड राहून गिरण्यांत राबत. १९५२ साली हा कायदा रद्द झाला.

दुसरी हजेरी मजुरीची. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य केला. येथे हजेरीपट हा मजुराचाच पुरावा होता. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर भ्रमणध्वनीद्वारे दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी बंधनकारक झाली. बनावट हजेरी रोखणे हा तिचा हेतू. मातीची पाटी मात्र माणसाच्याच डोक्यावर राहिली. यांत्रिक झाली ती देखरेख.

या दोन व्यवस्था एक नव्हेत. पहिलीत मनुष्य जन्माने बांधला जाई. दुसरीत तो स्वतः काम मागण्यास येई. तथापि छायाचित्र न पोहोचल्यास केलेल्या कामाची मजुरी अडे. आपण हजर होतो, हे सिद्ध करण्याचा भार अशा रीतीने पुन्हा दुर्बलावरच पडला.