मूठभर पोह्यांचा इतिहास

माझा मुलगा पनवेलला राहतो. गेल्या पावसाळ्यात चार दिवस त्याच्याकडे मुक्काम होता. रविवारी सकाळी सूनबाईंनी काचेच्या भांड्यात ओट्स घेतले. त्यात दूध, अंडं, पिकलेलं केळं, थोडा गूळ आणि दालचिनीची पूड घालून सगळं कालवलं आणि भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. वरून खरपूस, आतून मऊ असा तो पदार्थ पाऊण तासाने टेबलावर आला. ‘‘अब्बा, बेक्ड ओटमील आहे, खाऊन बघा,’’ सूनबाई म्हणाल्या. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू?

सहा वर्षांच्या नातवाने विचारलं, ‘‘दादा, ओट्स म्हणजे काय?’’ मी डब्यातले चिमूटभर कोरडे ओट्स तळहातावर घेऊन पाहिले आणि म्हणालो, ‘‘बाळा, हे परदेशातले जाडे पोहे.’’ सगळे हसले. मला मात्र वाटलं, हा विनोद नाही, यात इतिहास आहे. तोच आज तुम्हांला सांगायचा आहे.

ओट हे युरोपच्या थंड, ओल्या मुलखातलं धान्य. स्कॉटलंडची माणसं त्याची पेज करून खात आणि शेजारचे इंग्रज त्याला घोड्यांचं खाद्य म्हणून हिणवत. त्याचा दाणा कठीण, शिजायला वेळ फार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या गिरण्यांनी हा दाणा वाफवून लोखंडी रुळांखाली चपटा करायला सुरुवात केली. १८७७ मध्ये तिथे ‘क्वेकर’ या नावाची ओट्ससाठी नोंदणी झाली. पुढे १८९४ मध्ये केलॉग बंधूंनी धान्याचे पापुद्रे काढण्याची रीत शोधली आणि त्यातून कॉर्नफ्लेक्स आले. जगाची न्याहारी बदलली ती या एका युक्तीने. दाण्याला आधी ओल द्यायची, मग उष्णता, मग दाब. दाणा अर्धाअधिक शिजूनच घरात येतो. सकाळच्या घाईत त्याला थोडं पाणी किंवा दूध दाखवलं की काम झालं.

आता सांगा, पोहे दुसरं काय असतात? फरक इतकाच, की आपल्याकडे ही युक्ती कुणी नोंदवली नाही. ती इतकी जुनी आहे की नोंदवणार कोण? संस्कृतात पोह्यांना ‘पृथुक’ म्हणतात. पृथु म्हणजे रुंद, पसरट. त्यातूनच आपला ‘पोहा’ आला. भागवताच्या दहाव्या स्कंधात सुदामा कृष्णाकडे जातो तेव्हा त्याची बायको शेजारपाजारहून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. घरात दाणा नसलेल्याची ही भेट. हिंदीत चिवडा किंवा चूडा, कानडीत अवलक्की, तमिळमध्ये अवल, गोव्यात फोव. जिथे भात तिथे पोहे, हे सूत्र भारतभर लागू पडतं.

मग पेण आणि रोह्याचंच नाव का झालं? याचं उत्तर खाडीत आहे. जुन्या कुळाबा जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटिअर उघडलं तर भात हेच इथलं मुख्य पीक असल्याचं दिसतं. १९८१ मध्ये कुळाब्याचं रायगड झालं, पण पीक तेच राहिलं. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि तिच्या कडेचा खारेपाट. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून चिखलमातीचे बांध घालायचे, उघाड्यांमधून पावसाचं पाणी समुद्राकडे सोडायचं, आणि दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघाली की तिथे भात पेरायचा. समुद्राकडून हातभर हातभर मागून घेतलेली ही शेती. रोह्याकडे कुंडलिकेचं खोरं, ती नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. पेणचं अंतोरा बंदर, पुढे धरमतर, या वाटेने गलबतं मुंबईला जात. मुंबईच्या माणसाला भात जवळ, पोहे त्याहून जवळ. भाताला कोंडा-तूस असतं, शिजवायला जळण लागतं. पोहे हलके, टिकाऊ आणि खायला तयार. शहरात एकट्याने राहणाऱ्या कामगाराला आणखी काय हवं?

मी वाढलो रोह्यात. माझी दादी, म्हणजे वडिलांची आई, दिवाळीच्या आधी लोकांच्या घरी पोहे कांडायला जायची. गिरण्या तेव्हा आल्या होत्या, पण काही घरांना दिवाळीला हातकांडपाचेच पोहे लागत. मी पाच-सहा वर्षांचा असेन. तिच्या पदराला धरून जायचो. सगळी रीत मला आठवते. नवं भात निवडून कोमट पाण्यात भिजत घालायचं. दाणा नखाने दबू लागला की उपसून निथळत ठेवायचं. मग चुलीवरच्या खापरात मूठ मूठ भाजायचं. दाणा तडतडू लागला की लगेच उखळात. इथून पुढे सगळा खेळ वेळेचा. दाणा गरम आहे तोवरच चपटा होतो, थंड झाला की तुटतो आणि कण्या पडतात. म्हणून दोन बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालत. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं. तिसरी खाली बसून, दोन घावांच्या मधल्या क्षणात, हाताने दाणे वर-खाली करी. मग सुपात पाखडायचं, चाळायचं, तूस वेगळं, कणी वेगळी, पोहे वेगळे.

ती तिसरी बाई बहुतेक वेळा माझी दादी असे. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. कधीतरी एक घाव अर्धा क्षण आधी पडला होता. मजुरी म्हणून तिला थोडे पोहे मिळत, आणि कणी.

नरकचतुर्दशीच्या सकाळी शेजारच्या काकू ताट पाठवत, वर रुमाल झाकलेला. त्यात दह्यातले पोहे, दुधातले पोहे, गूळ-खोबऱ्याचे पोहे, नारळाच्या रसातले चिंच-गुळाचे कोळाचे पोहे आणि दडपे पोहे. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, मिरची, लिंबू घालून वर वजन ठेवून दडपायचे, म्हणून दडपे. त्यांना विस्तव लागतो तो फक्त फोडणीपुरता. मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणालो, ‘‘हे तर आपलेच पोहे, दादीने कांडलेले!’’ दादीने मला गप्प केलं. म्हणाली, ‘‘कांडले मी, पण भात त्यांचं आणि हाताची चवही त्यांची. दुसऱ्याच्या ताटावर नाव घालू नये.’’

तेव्हा मला ती नम्रता वाटली. पुढे कॉलेजात इतिहास वाचला, आणि भात कुणाचं हा प्रश्न या जिल्ह्यात किती जुना आहे ते कळलं. कसणारा एक आणि मालक दुसरा, हीच कुळाब्याची कहाणी. खोत आणि सावकार पिकाचा मोठा वाटा उचलून नेत, कुळाच्या घरी वर्षभराचं धान्यही उरत नसे. त्या रागातून १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप १९३९ पर्यंत, तब्बल सहा वर्षं चालला. भात पिकवणाऱ्यांनी भात पिकवायचं नाकारलं आणि स्वतः उपाशी राहण्याची जोखीम घेतली. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे कोकणातल्या कुळांची हीच दैना होती. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्याची जमीन हे तत्त्व कागदावर उतरलं. त्यानंतर कित्येक घरांत पहिल्यांदा स्वतःच्या भाताचे पोहे झाले असतील. कायद्याची पुस्तकं ही गोष्ट लिहीत नाहीत.

मधल्या काळात महायुद्ध झालं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडला, तिथला तांदूळ बंद झाला, आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. दादी सांगायची, त्या दिवसांत घरात पोहे दिसले तर सण आहे असं समजायचं.

पोह्यांचं आणखी एक ताट आमच्या जिल्ह्यात आहे, ते बेने इस्राएल समाजाचं. अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. इथे ते तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावं आपल्याच गावांची. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. घरात शुभकार्य असलं, नवस फेडायचा असला की ते एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया पैगंबरांच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुकामेवा आणि वर फळं. आमच्याकडेही पीराच्या दर्ग्यात मलिदा चढवतात, पण तो चपातीचा चुरा आणि गुळाचा. मलिदा हा मूळ फारसी शब्द, अर्थ चोळलेलं, कुस्करलेलं. एकाच शब्दाखाली दोन ताटं, आणि दोन्ही आपापल्या पैगंबर-पीरांपुढे. मराठीत मात्र ‘मलिदा खाणं’ म्हणजे भलतंच काही झालं आहे, त्याला आपण काय करणार!

१९४८ नंतर हा समाज हळूहळू इस्राएलला गेला. आज इथे त्यांची मोजकी घरं उरली. पण तिकडेही मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत, आणि मलिद्याला तिकडेही पोहेच लागतात. देश बदलला, न्याहारी नाही बदलली.

इकडे उखळ मागे पडलं. गिरणीत भट्टीवर भात भाजतात, जळण म्हणून बहुधा भाताचंच तूस वापरतात. मग फिरत्या जड चाकाखाली दाणा चपटा होतो आणि पातळ पोह्यांसाठी पुन्हा रुळांतून जातो. म्हणजे अमेरिकेतल्या ओट्सचं यंत्र आणि आमच्या पोह्यांचं यंत्र, दोघं शेवटी चुलतभाऊच. १९८६ मध्ये आपट्याहून रोह्यापर्यंत रेल्वे आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. मुंबई-गोवा महामार्गावरचा चाकरमानी गणपतीला जाता-येता पेणला थांबून पोहे, पापड, मिरगुंडं घेऊ लागला. पेणच्या पोह्यांना नाव मिळालं. आणि बायकांच्या बोटांवरचे घाव थांबले, याचा मला मनापासून आनंद आहे. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्याने एक दिवस त्या उखळापाशी बसून बघावं.

काळजी वेगळीच आहे. खाडीचे बांध फुटतात, वेळेवर दुरुस्त होत नाहीत. खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-चार वर्षांत जिथे भात डुलत होतं तिथे कांदळवन उभं राहतं. उरलेल्या जमिनीला शहराचा भाव आला आहे. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली बावीस गावं महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रात जाणार होती. गावांनी विरोध केला, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी तिथे शेतकऱ्यांचं जनमत घेतलं गेलं. जमीन द्यायची की नाही, हे सरकारने शेतकऱ्याला कागदावर विचारावं, ही साधी गोष्ट नव्हती. तो प्रकल्प पुढे बारगळला. पण शेतकऱ्याचा मुलगा शेतात परत आला, असंही झालं नाही. मागे एका गिरणीवाल्याला विचारलं, ‘‘हे भात इथलंच का?’’ तो हसून म्हणाला, ‘‘मिळेल तिथलं.’’

दादी १९९१ मध्ये गेली. मी तीसेक वर्षं कविता लिहितो आहे. समुद्रावर लिहिलं, चंद्रावर लिहिलं, कुंडलिकेवर लिहिलं. त्या वाकड्या बोटावर एक ओळ लिहिली नाही. मुसळाचा ताल सांभाळताना त्या तिघी काहीतरी गुणगुणत असत. काय, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. दुसऱ्याच्या ताटावर नाव घालू नये हे तिचं म्हणणं मी पाळलं खरं, पण ताटावर तिचं नावही राहिलं नाही.

पनवेलहून निघायच्या आदल्या सकाळी मी सूनबाईंना म्हणालो, ‘‘आज न्याहारी माझ्याकडे.’’ पेणचे पातळ पोहे, नारळ, कांदा, लिंबू. फोडणी दिली, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. नातू शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. खाता खाता त्याने विचारलं, ‘‘दादा, हे कुणी शोधून काढलं?’’

मी त्याला दादीचं नाव सांगितलं. हे खरं उत्तर नाही, मला माहीत आहे. पण इतिहासात ज्यांची नावं राहिली नाहीत, त्यांच्यापैकी एक नाव तरी त्या मुलाच्या कानावर पडलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)