वर्गणी आणि धक्का

जोगेश्वरीच्या हायवेवर आमची पद्मिनी बसली, की मला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन आठवे. मुंबईची ही संस्था १९१९ सालची. सभासदांनी वर्गणी भरायची, अडलेल्याला मदत मिळायची. म्हणजे धडधाकट गाडीवाल्यांनी आमच्यासारख्यांचा खर्च सोसायचा! एवढं असून मी वर्गणी भरलीच नाही. वस्तीतली पोरं धक्का द्यायची. वर्गणी चार कटिंग.

१९८३त मारुती आली, पुढे इंजिनात संगणक शिरला. मदतीचे पैसे आता विम्याच्या हप्त्यातच जादा भरतो. परवा नवी गाडी बसली. क्रेनची वाट बघत होतो, तर एक पोरगा म्हणाला, "काका, धक्का मारू?" ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, हे सांगायला जीभ रेटेना. चहा मात्र पाजला.