अभ्यासक्रमात कला आली, शिक्षकाचे काय?

भिलाई (छत्तीसगड) : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यापाठोपाठ २०२३ मध्ये आलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनी कलेला 'अवांतर' विषयांच्या यादीतून बाहेर काढून मुख्य अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. तथापि, ती शिकवणाऱ्या शिक्षकाचे स्थान कायद्यात अजूनही दुय्यमच आहे. दुर्ग जिल्ह्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. भिलाईलगतच्या जुनवानी परिसरात अभियांत्रिकीपासून शिक्षणशास्त्रापर्यंतची महाविद्यालये उभी राहिली आहेत, तर दुर्गच्या वायव्येस खैरागड येथे खास संगीत व ललित कलांसाठीचे विद्यापीठ आहे.

खैरागडचा वारसा

इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना १९५६ मध्ये झाली. खैरागडचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी अकाली निधन पावलेल्या आपल्या कन्येच्या, राजकुमारी इंदिरा हिच्या, स्मरणार्थ राजवाडा विद्यापीठास दिला. गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प व लोकसंगीत यांचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण येथे दिले जाते.

या संस्थेशी मराठी माणसाचा संबंध जवळचा आहे. विद्यापीठाच्या प्रारंभीच्या काळात पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी कुलगुरुपद भूषविले. विष्णू नारायण भातखंडे यांचे ते शिष्य. १९२६ मध्ये लखनौ येथे स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले होते.

घराण्यातून वर्गात

त्यापूर्वी गायनविद्या गुरूच्या घरी, त्याच्या मर्जीनुसार मिळत असे. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू करून ती सर्वसामान्यांसाठी खुली केली. भातखंडे यांनी निरनिराळ्या घराण्यांतील बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरविल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि विद्यार्थ्यांसाठी 'क्रमिक पुस्तक मालिका' सिद्ध केली. पायरीपायरीने शिकवता येईल आणि परीक्षा घेता येईल, असा संगीताचा अभ्यासक्रम या दोघांच्या कार्यातून आकारास आला.

शाळेतील वाटचाल

शालेय शिक्षणात मात्र कलेला असे स्थैर्य लाभले नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर पुढे आलेल्या 'नई तालीम'ने हस्तव्यवसायाला शिक्षणाचा केंद्रबिंदू मानले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला अनिवार्य असावी, अशी शिफारस केली. २०२० च्या धोरणाने कला व विज्ञान, तसेच अभ्यासक्रम व सहअभ्यासक्रम यांतील भिंती दूर करण्याची भूमिका घेतली. त्यानुसार एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी 'कृती' हे पाठ्यपुस्तक आणले. दृश्यकला, संगीत, नृत्य आणि नाट्य हे त्याचे चार विभाग आहेत.

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना जुनी परंपरा आहे. इंटरमिजिएटमधील श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने चित्रकलेला पालकांच्या लेखी वजन आले. मात्र गुणांसाठीची तयारी आणि कलेची गोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिक्षकाचा प्रश्न

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांकरिता प्रत्येकी किमान एक शिक्षक आवश्यक आहे. कलाशिक्षणासाठी मात्र अंशकालीन निदेशकाची तरतूद असून, तीही पटसंख्या शंभरहून अधिक असेल तरच लागू होते. म्हणजे ऐंशी मुलांच्या खेड्यातील शाळेत 'कृती' पोहोचेल. ते शिकवण्यासाठी कलेचा शिक्षक असेलच, याची हमी कायदा देत नाही.

अशा शाळेत ही जबाबदारी अन्य विषयांच्या शिक्षकांवर येते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात 'शिक्षणातील नाट्य व कला' या घटकाचा समावेश आहे. त्यामुळे इतिहासाचा प्रसंग नाट्यरूपाने किंवा भूमितीतील आकृतिबंध रांगोळीतून शिकवण्याची दृष्टी भावी शिक्षकाला मिळू शकते. परंतु कलेच्या साहाय्याने दुसरा विषय शिकवणे वेगळे आणि कला हाच विषय म्हणून शिकवणे वेगळे. सूर लावणे, रेषा साधणे किंवा ताल धरणे हे एका घटकाच्या तयारीवर शिकवता येत नाही. त्यासाठी वर्षांची साधना लागते.

वेळापत्रकाबाहेरची कला

यावरील एक मार्ग धोरणातच नमूद आहे. स्थानिक कलावंत व कारागिरांना मार्गदर्शक म्हणून शाळेत आणावे, असे त्यात म्हटले आहे. दुर्ग जिल्ह्यासाठी ही सूचना विशेष अर्थपूर्ण आहे. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई यांनी पंडवानी आजोळच्या आजोबांकडून ऐकून आत्मसात केली आणि महाभारताची ही लोकगायकी जगभर नेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. शाळेने त्यांना ही कला दिली नव्हती.

ज्यांच्या कंठात ही परंपरा आहे, त्यांपैकी अनेकांजवळ पदवी नसते. आणि नियमित नेमणुकीची पहिली अट पदवीचीच असते. खैरागडचे पदवीधर, बी.एड. झालेले शिक्षक आणि गावोगावचे लोककलावंत या तिघांना एका वर्गात आणणारी नेमणूक व मानधनाची व्यवस्था राज्ये उभारू शकली, तरच अभ्यासक्रमातील कला विद्यार्थ्यांच्या हाती आणि गळ्यात उतरेल.